उजेडाचं कूळ

वीज जाऊन पाऊण तास झाला होता. सकाळी पाठवायचं खोकं अर्धवट बांधून पडलं होतं. मोबाइलचं चार्जिंग संपत आलं म्हणून तो मी बंद करून ठेवला होता. शेवटी खोक्याच्या कडा हातानं चाचपत उरलेली चिकटपट्टी लावायला घेतली. रिळाचं टोक नखानं सोडवलं, चिमटीत धरलं आणि जोरात ओढलं. पट्टी रिळापासून सुटत होती, नेमकी तिथेच एक फिकट, निळसर रेघ उजळली. दोऱ्याएवढी बारीक. हात थांबला तशी रेघ गेली. पुन्हा ओढली, पुन्हा आली.

मग खोकं तसंच राहिलं. मी पट्टी ओढत बसले. सावकाश ओढली की काही दिसत नव्हतं. झटक्यात ओढली की ती रेघ रिळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लखकन उमटायची. निळसर म्हणते खरी, पण रंग पुरता कळत नव्हता. इतक्या मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंगाची ओळखच नसते. कडेला पाहिलं की रेघ जास्त ठळक दिसायची, सरळ तिच्याकडे पाहिलं की पुसट व्हायची. हीसुद्धा त्याच पेशींची खूण. त्या डोळ्याच्या मधोमध नसतात, बाजूला दाटीनं असतात.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. उजेडाच्या बाबतीत मला ते कधी जमलं नाही. कुठे काही चमकलं की पहिला प्रश्न मनात येतो, हा कुणाचा? कशातून आला? कारण उजेड आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा सगळा सारखाच वाटतो. वस्तू दाखवतो, सावली पाडतो. पण त्याची घराणी निराळी आहेत. आणि एकदा घराणं ओळखता यायला लागलं, की साधी मेणबत्तीसुद्धा पूर्वीसारखी दिसत नाही.

चिकटपट्टीचं घराणं विजेचं. पट्टी सुटताना एका पृष्ठभागावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार साचतो. दोघांमधली फट वाढत जाते, ताण वाढत जातो आणि मधल्या हवेतून ठिणगी उडते. आकाशात ढग करतात तेच, फक्त इथे कडकडाट ऐकू येत नाही. आकाशातल्या विजेच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. माझ्या बोटांमधली वीज कुणाला चटकाही देत नव्हती. साखरेचा मोठा खडा गच्च अंधारात पकडीनं चिरडला तरी असाच उजेड पडतो. फ्रान्सिस बेकन यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याची नोंद करून ठेवली आहे. साखरेचा स्फटिक फुटताना भार वेगळे होतात आणि भेगेतल्या नायट्रोजनमधून ठिणगी जाते. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी निर्वात पोकळीत चिकटपट्टीचं रीळ उलगडून पाहिलं, तर त्यातून चक्क क्ष-किरण निघाले, बोटाच्या हाडाचं चित्र घेता येईल इतके. हवेत हे होत नाही, हेही लगेच सांगायला हवं. खोकी बांधणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

रीळ अर्धं झालं तेव्हा मी मेणबत्ती लावली.

मेणबत्तीकडे आपण पाहतो ते तिच्या पिवळ्या भागाकडे. मी त्या रात्री वाक्यं मनात जुळवत तिच्या बुडाशी पाहत राहिले. वातीच्या खालच्या अंगाला, वितळलेल्या मेणाच्या तळ्याच्या जरा वर, ज्योतीला एक निळी किनार असते. वाटीसारखी, पारदर्शक. तिच्यातून पलीकडचं दिसतं. त्यावर वातीभोवती एक काळपट पोकळी, आणि मग तो उंच, डोळे दिपवणारा पिवळा भाग. ज्योत एक, पण आत दोन घराण्यांचा उजेड नांदतो आहे.

पिवळा उजेड काजळीचा. मेणाची वाफ वर जाताना ज्योतीच्या आत तिला पुरेशी हवा मिळत नाही. ती तुटते आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हजार अंशांच्या वर तापलेले हे कण लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखे झळाळतात. पिवळ्या भागात क्षणभर चमचा धरला की लगेच काळा होतो. तो उजेडच चमच्यावर येऊन बसलेला असतो, विझलेल्या रूपात. जी काजळी आपण काचेवरून वैतागून पुसतो, तीच क्षणापूर्वी आपल्याला वाचायला उजेड देत होती.

निळ्या किनारीत काजळी नाही. तिथे हवा भरपूर आहे. मेणाच्या रेणूंची मोडतोड होताना कार्बन आणि हायड्रोजनच्या जोडगोळ्या किंवा कार्बन-कार्बनच्या जोड्या क्षणभर जन्माला येतात, आणि जन्मतःच त्यांच्या अंगात जादा ऊर्जा असते. ती त्या निळ्या-हिरवट उजेडाच्या रूपात टाकून देतात. म्हणजे हा तापल्याचा उजेड नाही, तो थेट रासायनिक क्रियेतून आलेला आहे. काजव्याचं घराणं हेच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. काजवा म्हणजे थंड, ज्योत म्हणजे ऊन, इतकं आपण पक्कं धरून बसलेलो असतो. आणि इथे काजव्याचा भाऊबंद ज्योतीच्या पायाशी बसलेला.

मायकल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्ती या एकाच वस्तूवर सहा व्याख्यानं दिली होती. त्यातला एक प्रयोग मी आजही करते. मेणबत्ती हळूच फुंकायची. वातीतून पांढऱ्या धुराची दोरी वर चढते. जळती काडी वातीला न लावता त्या धुराला लावायची, चांगली दोन-तीन बोटं वर. ज्योत धुरावरून टुणकन खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे गोठत चाललेली मेणाची वाफ. मेणबत्तीत जळतं ते मेण नाही आणि वातही नाही, जळते ती वाफ, हे त्या एका उडीत कळतं. दहा वेळा समजावून कळत नाही.

तापून उजळणाऱ्यांचं घराणं मोठं आणि जुनं आहे. त्याचा नियम सरळ. वस्तू कोणतीही असो, ती तापवत नेली की साधारण ५२५ अंश सेल्सिअसला मंद लाल दिसू लागते. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये हे मोजून दाखवलं. लोखंड, दगड, चिनीमाती, कशालाच सवलत नाही. आणखी तापवलं की नारिंगी, मग पिवळा, मग पांढरा. या घराण्यात माणूस ओळखता येत नाही, नुसता ताप ओळखता येतो. अब्जावधी अणूंची धक्काबुक्की चाललेली असते आणि त्या गर्दीतून जे बाहेर पडतं त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. एकट्या अणूचा आवाज त्या गलक्यात ऐकूच येत नाही.

आपण हजारो वर्षं या एकाच घराण्याच्या आश्रयानं रात्र काढली. शेकोटी, मशाल, पणती, कंदील. विजेचा पिवळा बल्बसुद्धा त्यातलाच. काचेच्या आत टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापवलेली. तो बल्ब मला प्रिय होता, त्याचा उजेड माणसाच्या चेहऱ्याला मानवायचा. पण खाल्लेल्या विजेच्या शंभर भागांतले पाचसुद्धा तो उजेडाला देत नसे, बाकी सगळी उष्णता. तो खोलीला थोडा उजेड देणारा हीटरच होता. तरी त्याचे उपकार आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्लिनमध्ये तापलेल्या वस्तूंचा प्रकाश काटेकोर मोजायची खटपट चालली होती, आणि त्यामागे चांगला दिवा कशाला म्हणायचं हा व्यवहारातला प्रश्नही होता. त्या मोजमापांना लागू पडेल असं सूत्र शोधताना मॅक्स प्लांक यांना १४ डिसेंबर १९०० रोजी ऊर्जा तुकड्यातुकड्यांनी दिली-घेतली जाते असं मांडावं लागलं. पुंज भौतिकी तिथे सुरू झाली.

सूर्यही तापलेल्यांच्याच घराण्यातला, पण त्याच्या उजेडाची गोष्ट आपण शाळेत अर्धीच ऐकतो. गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं, दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन. त्यातलं ४० लाख टनांहून थोडं जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन जातं. हे खरं. पण आपल्या डोळ्यांत येतो तो उजेड गाभ्यातला नव्हे. गाभ्यातली ऊर्जा हजारो वर्षं आपटत, शोषली जात, पुन्हा सुटत वर येते. पृष्ठभागाशी जेमतेम काही शे किलोमीटर जाडीचा एक थर आहे, तिथे आपला सूर्यप्रकाश तयार होतो. आणि तो कसा होतो ते मला फार उशिरा कळलं. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. त्या थरात एखादा भटका इलेक्ट्रॉन येऊन त्याला चिकटतो. दुसऱ्याच्या घरात पाहुणा यावा तसा, सैलसा. चिकटताना त्याच्याजवळची जादा ऊर्जा सुटते, तीच बरीचशी आपलं ऊन. असे पाहुणा आलेले अणू कोट्यवधींत एखादाच, आणि तेही पुन्हा मोडतात. रूपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये हे ओळखलं. तोवर सूर्याचा अखंड वर्णपट नेमका येतो कुठून, हे कोडंच होतं. त्या थरातून निघालं की आठ मिनिटं वीस सेकंदांत आपल्या अंगावर. इतक्या दुबळ्या, क्षणभराच्या बंधनातून सगळी दुपार उजळते, हे एकदा कळल्यावर उन्हात उभं राहताना त्याची आठवण येतेच.

गर्दीतून सुटलेल्या एकट्या अणूचा आवाज ऐकायचा असेल तर विरळ वायूकडे जावं लागतं. अणू एकमेकांपासून लांब असले की प्रत्येक जण स्वतःच्या ठरलेल्या रंगातच उजळतो. मिठाचा कण ज्योतीत पडला की भडक पिवळी झाक येते ती सोडियमची, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीची, आणि ती जगात कुठेही तीच असते. १८६० च्या सुमाराला बुन्सेन आणि किर्खहोफ या जोडीनं वर्णपटातल्या अशा रंगीत रेषांवरून सीझियम आणि रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं शोधली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात झांसेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडमधून लॉकयर यांनीही त्या ज्वाळांचा अभ्यास केला आणि त्यातली एक पिवळी रेष पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याची नाही असं ठरलं. तेच हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ उजाडलं. माणसानं एक मूलद्रव्य आधी उजेडात पाहिलं आणि मग सत्तावीस वर्षांनी बाटलीत धरलं.

निऑनच्या नळ्या, रस्त्यावरचे पिवळेजर्द सोडियमचे दिवे, ट्यूबलाइटच्या आतला पारा, सगळे याच घराण्यातले. पण त्यातला मला सर्वांत जवळचा वाटतो तो ध्रुवीय प्रकाश. मी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्याचा हिरवा रंग ५५७.७ नॅनोमीटरचा. एकोणिसाव्या शतकात तो मोजला गेला, पण प्रयोगशाळेत कुठलाच वायू तसा उजळेना. १९२५ मध्ये कळलं की तो साध्या ऑक्सिजनचा आहे. ओळख न पटण्याचं कारण फार सुंदर आहे. साधारणपणे अणूला ऊर्जा मिळाली की तो सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात ती प्रकाश म्हणून टाकून मोकळा होतो. ऑक्सिजनच्या या अवस्थेला मात्र पाऊण सेकंद लागतो. आणि त्याच ऑक्सिजनचा जो लाल रंग ध्रुवीय प्रकाशाच्या माथ्यावर दिसतो, त्यासाठी अणू जवळजवळ दोन मिनिटं ती ऊर्जा धरून बसतो. दोन मिनिटं! आपल्या भोवतीच्या दाट हवेत इतका वेळ कुणी त्याला स्वस्थ बसू देणार नाही. उजळण्याआधीच कोट्यवधी टकरा होतात आणि ती ऊर्जा धक्क्यातच जाते. म्हणून लाल रंग २०० किलोमीटरच्या वर, जिथे शेजारी फारसं कुणी नाही. हिरवा त्याखाली, शंभर-दीडशे किलोमीटरवर. पडद्यासारखा हलणारा तो सगळा देखावा म्हणजे उंचीगणिक बदलत जाणारा एकांत आहे.

मेणबत्ती अर्ध्यावर आली होती. मी ती विझवली, धुराला पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली. आणि काजवा आठवला.

एकदा रात्री एक काजवा माझ्या ओंजळीत आला होता. मी त्याला धरला नव्हता, तोच हातावर उतरला. तळहातावर त्याचे पाय जाणवत होते आणि उजेड जाणवत नव्हता. डोळ्यांना दिसत असलेला दिवा त्वचेला मुळीच कळत नाही, हा अनुभव विचित्र होता. पोटाच्या शेवटच्या खंडांखालून हिरवट-पिवळा उजेड फुटायचा. तो लागताना एकदम लागायचा, विझताना मात्र हळूहळू, वात खाली करावी तसा. बोटांच्या बेचक्यातल्या रेषा मला त्या उजेडात दिसल्या. मग पाठीवरचे टणक पंख उघडले आणि तो गेला.

त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ते जाळणारं ल्युसिफरेज नावाचं विकर असतं, आणि पेशींचं नेहमीचं इंधन, एटीपी. ऑक्सिजन मिळाला की क्रिया होते आणि तयार झालेला रेणू, मेणबत्तीच्या निळ्या किनारीतल्या रेणूसारखाच, ऊर्जा अंगावर घेऊनच जन्मतो. दर शंभर रेणूंमागे सुमारे ४१ फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, बाहेर पडतात. पूर्वी हा आकडा ८८ सांगत, २००८ च्या मोजणीनं तो खाली आणला. तरीही तो थक्क करणारा आहे. उजेडाच्या थराच्या मागे बारीक स्फटिकांचा पांढरा थर असतो, आरशासारखा, म्हणजे आत जाणारा उजेडही वाया जात नाही. काजव्यांच्या अळ्यासुद्धा उजळतात, जोडीदार शोधायचं वय होण्याच्या कितीतरी आधी. मला खाऊ नका, मी कडू आहे, हा त्या उजेडाचा पहिला अर्थ असावा असं मानतात. प्रेमाची भाषा नंतर आली.

या थंड उजेडाला हवा लागते हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६७ मध्येच दाखवलं होतं, ऑक्सिजनचा शोध लागायच्या शंभर वर्षं आधी. कुजक्या लाकडावर कधीकधी चमकणारी बुरशी वाढते. तसलं लाकूड त्यांनी हवेच्या पंपाखाली काचेत ठेवलं आणि हवा काढून घेतली. उजेड मावळला. हवा परत सोडली, उजेड परत आला. जळत्या कोळशाचं तसं झालं नाही. एकदा विझला तो विझलाच. मग १८८० च्या दशकात राफाएल द्युबवा यांनी उजळणाऱ्या भुंगेऱ्याचे अवयव घेतले. काही थंड पाण्यात कुटले आणि उजेड संपेपर्यंत थांबले, काही गरम पाण्यात टाकून लगेच विझवले. मग दोन्ही विझलेली पाणी एकत्र केली. भांडं उजळलं. एकात विकर शिल्लक होतं, दुसऱ्यात इंधन. ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज ही नावं त्यांचीच.

आणि ओसामू शिमोमुरा. उजेडाबद्दल लिहायला बसले की मी त्यांच्यापाशी येऊन थांबतेच. ९ ऑगस्ट १९४५ ला ते सोळा वर्षांचे होते, नागासाकीजवळच्या इसाहायातल्या कारखान्यात कामाला. खिडकीतून एक प्रचंड लखलखाट आत आला आणि अर्धा मिनिट त्यांना काहीच दिसेना. मग दाबाचा हादरा. संध्याकाळी घरी चालत जाताना काळा पाऊस लागला, पांढरा सदरा करडा झाला. आजीनं घरी पोचताच आंघोळ घालायला लावली. त्या आंघोळीनं आपल्याला वाचवलं असावं, असं त्यांना पुढे वाटे.

माणसानं त्या दिवशी जो उजेड पाडला, तो अणूच्या गाभ्यातून आला होता. तो पाहिलेल्या मुलानं पुढचं सगळं आयुष्य समुद्रातल्या प्राण्यांच्या मंद, निळ्या उजेडाला दिलं. १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, ते आणि त्यांचे सहकारी जेलीफिश गोळा करत होते. सुमारे दहा हजार. छत्रीच्या कडेला उजळणारी अगदी बारीक इंद्रियं असतात, ती कात्रीनं कापून काढायची. त्यातलं उजळणारं द्रव्य वेगळं करायला सगळे ल्युसिफेरिन शोधत होते, ते मिळेना. शिमोमुरा होडी घेऊन एकटेच समुद्रात जात आणि तरंगत विचार करत. अखेर त्यांनी अर्क आम्लात विझवून ठेवायची युक्ती काढली. दिवसाअखेर उरलेला अर्क मोरीत ओतला, आणि मोरी आतून भक्कन निळी पेटली. मत्स्यपेटीचं समुद्राचं पाणी त्याच मोरीत येत होतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं, त्यानं तो उजेड चेतवला होता. दहा हजार जेलीफिशमधून ते द्रव्य मिळालं काही मिलिग्रॅम. त्याच खटपटीत आणखी एक हिरवं चमकणारं प्रथिन बाजूला निघालं, ज्याकडे तेव्हा कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. आज जिवंत पेशीत कोणतं प्रथिन कुठे जातं ते पाहायला जगभर त्याच हिरव्या प्रथिनाचा दिवा लावतात. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी. जे आयुष्य एका लखलखाटानं आंधळं होऊन सुरू झालं, त्याचा शेवट पेशीच्या आत दिवा लावण्यात झाला, हे मला कोणत्याही कथेपेक्षा मोठं वाटतं.

स्फुरदाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्याच्या नावानं मोठा घोटाळा केला आहे. हेनिग ब्रांट यांना १६६९ मध्ये हँबर्गला ते मिळालं, मूत्र आटवताना. पांढरा स्फुरद अंधारात चमकतो तो हवेशी सावकाश जळत असतो म्हणून. घड्याळाचे काटे उन्हात ठेवून मग अंधारात चमकतात, त्याला मात्र आपण स्फुरदीप्ती म्हणतो, आणि तिथे काहीच जळत नाही. दिवसा घेतलेला उजेड स्फटिक रात्री थोडा थोडा परत देतो. जुन्या घड्याळांच्या काट्यांत रेडियम असे, ते उन्हाची वाट पाहत नसे. ते रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींना कुंचल्याचं टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवलं होतं. त्यांचे जबडे गेले, जीव गेले. त्या घड्याळांतला रंग आता चमकत नाही, कारण उजळणारा स्फटिक झिजला. रेडियम तसंच आहे. त्याला निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. विझलेला दिवाही जळत असतो, याचं इतकं कठोर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आपल्या काळाचा उजेड एलईडीचा. बंद असलेला एलईडी बल्ब उघडून कधी आत पाहिलाय? पिवळे, हळदीसारखे ठिपके दिसतात. उजेड पांढरा आणि ठिपका पिवळा का? ठिपक्याखाली दडलेली चकती निळीच उजळते. त्या निळ्यातला काही भाग पिवळा लेप गिळतो आणि पिवळा करून परत देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून आपल्या डोळ्याला पांढरा वाटतो. चकतीत मात्र काहीही जळत नाही आणि झळाळण्याइतकं तापतही नाही. स्फटिकाच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन जादा, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. वीज दोघांना सीमेवर आणते, इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत पडतो, आणि जितक्या उंचीवरून पडला तितक्या ऊर्जेचा फोटॉन सुटतो. ती उंची स्फटिकानं ठरवलेली. लालसाठी कमी, निळ्यासाठी जास्त.

असा उजेड पहिल्यांदा दिसला १९०७ मध्ये. हेन्री राउंड यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकाला तारेचं टोक लावलं, पिवळा उजेड दिसला, दोन परिच्छेदांची टिपण लिहून ते पुढे गेले. त्याचा पाठलाग केला तो रशियातल्या ओलेग लोसेव्ह यांनी. रेडिओच्या प्रयोगशाळेत काम करणारा, फारसं औपचारिक शिक्षण नसलेला हा तरुण वर्षानुवर्षं त्या ठिणगीएवढ्या उजेडावर लिहीत राहिला. हा तापल्याचा उजेड नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात ते उपासमारीनं गेले, अडतिसाव्या वर्षी. लाल एलईडी निक होलोनयाक यांच्या हातून १९६२ ला आला. निळ्यासाठी आणखी तीस वर्षं लागली, कारण गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक कुणाला वाढवताच येत नव्हता. बहुतेकांनी तो नाद सोडला. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी सोडला नाही. त्यातही एक वळण असं, की सूक्ष्मदर्शकातल्या इलेक्ट्रॉनच्या झोताखाली पाहताना त्यांचा स्फटिक अधिक उजळतो आहे असं आकासाकी आणि आमानो यांच्या ध्यानात आलं, आणि पुढची वाट त्यातून सापडली. २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं. लोसेव्ह यांचं नाव दिव्याच्या खोक्यावर कुठे नसतं, म्हणून मी ते जमेल तिथे घेते.

लेसर, क्ष-किरणांच्या नळ्या, खेकड्यासारख्या नांगीनं पाण्यात बुडबुडा फोडून ठिणगी पाडणारा झिंगा, हे सगळं मी आज बाजूला ठेवते आहे. पण एक प्रकार त्या रात्री पुन्हा पुन्हा आठवत होता. पावेल चेरेनकोव्ह १९३० च्या दशकात रशियात द्रावणांवर गॅमा किरण सोडून पडणारा उजेड मोजत होते. उजेड इतका क्षीण, की मोजायचं साधन म्हणजे त्यांचा स्वतःचाच डोळा. म्हणून प्रयोगाआधी ते रोज तासाहून जास्त वेळ गच्च अंधारात नुसते बसून राहत. मग एक दिवस दिसलं की विरघळवलेलं द्रव्य काढून घेतलं, नुसतं शुद्ध पाणी ठेवलं, तरी निळा उजेड येतोच आहे. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, आणि इलेक्ट्रॉन तिथे त्याच्याही पुढे जाऊ शकतो. त्याच्या मागे जी लाट उठते, ती हा उजेड. आज अणुभट्टीच्या पाण्यातली निळाई आपण छायाचित्रांत सहज पाहतो. ती पहिल्यांदा ओळखणारा माणूस आधी तासभर काळोखात बसला होता. बॉइल यांचं लाकूड, द्युबवा यांचं भांडं, शिमोमुरा यांची मोरी, यांतलं काहीही भर दिव्यात दिसलं नसतं.

आपलं शरीरसुद्धा उजळतं. पेशींतल्या रासायनिक क्रियांमधून अतिशय मंद, दिसू शकणाऱ्या रंगांचाच उजेड सतत बाहेर पडतो. डोळ्याला जाणवेल त्याच्या हजारपट क्षीण. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी अतिसंवेदनशील कॅमेऱ्यानं त्याची छायाचित्रं घेतली. चेहरा सर्वांत जास्त उजळतो, दुपारी चारच्या सुमाराला. काजव्याचंच घराणं हे, फक्त आपला दिवा फार खाली केलेला.

वीज आली तेव्हा छतावरचा दिवा एकदम अंगावर आला. काही क्षण काहीच दिसेना. खोकं अजून उघडंच होतं, भोवती ओढलेल्या पट्टीची भेंडोळी. मी उठले, बटण बंद केलं आणि परत जमिनीवर येऊन बसले. डोळ्यांना पुन्हा वीस मिनिटं तरी लागणार होती. रीळ हातात घेतलं, टोक नखानं सोडवून ठेवलं. पट्टी अजून बरीच शिल्लक होती.